नव्या साइडिंगला वायर दिल्यावर पॉइंट फिरवला की सगळा लेआउट बंद का पडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एचओ (१:८७) मापाच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर दोन नव्या साइडिंग (मेनलाइनमधून फुटणारे, गाड्या उभ्या करायचे रूळ) टाकल्या, दोन्हींच्या रुळांना खालून स्वतंत्र वायरी दिल्या, कंट्रोलर साधा १२ व्होल्ट डीसीचा. पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारा सांधा) साइडिंगकडे असेल तर इंजिन नीट आत-बाहेर करतं. मेनलाइनकडे फिरवला की ओव्हरलोडचा दिवा लागतो आणि सगळं ठप्प. फ्रॉग पूर्ण धातूचा आहे, हेही तुम्ही लिहिलंय, आणि तेच महत्त्वाचं आहे.

वायरी उपसू नका, त्या बरोबर आहेत. एक प्लॅस्टिकचा जॉइनर राहिलाय, म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी पण वीज अडवणारी क्लिप; धातूची असेल तर वीज पुढे जाते.

फ्रॉग म्हणजे पॉइंटमधली ती टोकदार जागा, जिथे दोन्ही मार्गांचे आतले रूळ एकत्र येतात. धातूच्या फ्रॉगला एका वेळी एकच बाजू मिळते: पाती, म्हणजे पॉइंटचा हलणारा रूळ, ज्या रुळाला चिकटेल त्याची. पॉइंट मेनलाइनकडे असताना फ्रॉग लाल होतो, म्हणजे त्याला लाल वायरीची वीज मिळते, असं धरा. साइडिंगचा आतला रूळ त्याच फ्रॉगला धातूच्या जॉइनरने जोडलेला, म्हणून तोही लाल. पण त्या रुळाला तुम्ही खालून काळी वायर दिली आहे. झाला शॉर्ट. मेनलाइनच्या बाजूचा जॉइनर तुम्ही प्लॅस्टिकचा घातलाच असणार, नाहीतर पॉइंट साइडिंगकडे असतानाही दिवा लागला असता.

खात्री करून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. कंट्रोलर सोडवा, रुळांवरची सगळी इंजिनं आणि दिव्यांचे डबे उचला (मोटर आणि दिव्यांमुळे मीटर फसतो), मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून मेनलाइनच्या दोन रुळांना दोन टोकं लावा आणि पॉइंट फिरवत राहा. एका स्थितीत बीप, दुसऱ्या स्थितीत शांतता, असं झालं की तोच पॉइंट. माझ्या पहिल्या यार्डाच्या वेळी मला ही युक्ती माहीत नव्हती. तीन रात्री मी एकेक वायर सोडवत बसलो होतो आणि वायरींमध्ये काहीच दोष नव्हता.

आता दुरुस्ती. रूळ निघत असतील तर फ्रॉगमधून साइडिंगकडे जाणाऱ्या आतल्या रुळावर प्लॅस्टिकचा जॉइनर चढवा. रूळ चिकटवून टाकले असतील तर पातळ कटिंग डिस्कने, फ्रॉगपासून थोडं पुढे, तोच एक रूळ कापा. पण फट मोकळी सोडू नका. मी डिसेंबरात कापलेली फट मे महिन्यात बुजली आणि शॉर्ट परत आला. दोन मीटरचा रूळ वीस अंशांनी तापला की अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो, आणि डिस्कची फट तेवढीच असते. फटीत प्लॅस्टिकच्या पत्र्याचा तुकडा सुपरग्लूने बसवा, वाळला की कानशीने रुळाच्या आकारात घासून घ्या. बोट फिरवलं तर लागता कामा नये.

कापलेल्या रुळाला तुमची आधीची वायर आहेच. तिच्यात एक साधा ऑन-ऑफ टॉगल स्विच घाला. बाहेरचा रूळ अखंड राहू दे. स्विच बंद केला की पॉइंट कसाही असो, आतलं इंजिन जागचं हलत नाही आणि मेनलाइनवर दुसरं चालवता येतं. डीसीवर साइडिंगचा खरा उपयोग हाच. रंगाचा गोंधळ होत असेल तर इतकं धरा: साइडिंग उजवीकडे वळो की डावीकडे, तिच्या आतल्या रुळाला मेनलाइनच्या पलीकडच्या रुळाचा रंग.

एकाच साइडिंगवर दोन इंजिनं उभी करायची असतील तर बफरजवळ (साइडिंगच्या टोकाच्या अडथळ्याजवळ) तोच आतला रूळ आणखी एकदा कापून त्या तुकड्याला वेगळा स्विच द्या. लांबी तुमच्या इंजिनावर ठरवा. डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन प्रत्यक्षात १७ मीटरच्या आसपास, म्हणजे १:८७ मध्ये साधारण २० सेंटिमीटर. मी ३० ठेवतो.

वायरीबद्दल. फळीखाली लाल-काळी मुख्य जोडी १.५ चौरस मिलिमीटरची, घरच्या वायरिंगची चालते. रुळापर्यंत वर येणारे तुकडे वीतभरच ठेवा. त्यांना जुन्या टेलिफोन केबलमधली अर्ध्या मिलिमीटरची एकसंध तार उत्तम. सोल्डरचा डाग नेहमी रुळाच्या बाहेरच्या अंगाला द्या, आतल्या बाजूला चाकाची कड घासते. आधी तिथे पॉलिश पेपर मारा, फ्लक्स लावा, आणि दोन्ही बाजूंच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवा. तापलेलं आयर्न दोन-तीन सेकंद टेकवायचं आणि उचलायचं. थंड आयर्न बराच वेळ धरून ठेवलं की स्लीपर वितळतात, आणि रूळ १६.५ मिलिमीटरच्या गेजवरून (दोन रुळांमधल्या अंतरावरून) सरकले की तिथे डबा रोज उतरतो.

आणखी एक काम आत्ताच उरकून घ्या, कारण फळी उलटी केलेलीच आहे. आता फ्रॉगला वीज मिळते ती फक्त पातीच्या टेकण्यातून. पावसाळ्याच्या दमट हवेत आणि धुळीत तो टेकू कमकुवत होतो, आणि छोटं शंटिंग इंजिन नेमकं फ्रॉगवर अडतं. पॉइंट फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्याने दाबला जाईल असा एक मायक्रोस्विच बसवा: सामाईक (COM) टोकाची वायर फ्रॉगला, बाकीच्या दोन लाल आणि काळीला. पॉइंट फिरवल्यावर शॉर्ट दाखवला तर त्या दोन वायरींची अदलाबदल करा. स्विच आणि प्लॅस्टिकचे जॉइनर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधायला निघाल तर स्विच लगेच मिळतील. जॉइनर मात्र मॉडेल रेल्वेचं सामान ठेवणाऱ्यांकडूनच मागवावे लागतात, तेव्हा एक पाकीट जास्तीचं घ्या.

दुसऱ्या साइडिंगच्या पॉइंटलाही हेच सगळं करा. दोन्ही झाल्यावर, गाड्या ठेवण्याआधी, चारही स्थितींत मीटर एकदा लावून बघा. आणि अजूनही बीप आलाच तर कोणत्या स्थितीत येतो तेवढं खाली लिहा, मी बघतो.