न हलणारी हॅप्टिक बटणे: आवाजासाठी चालतील, पॉवरसाठी घाई नको

मोबाईलच्या कडेची खरोखर दाबली जाणारी बटणे जाऊन त्यांच्या जागी न हलणारी, कंपनाने दाबल्याचा भास देणारी बटणे आली तर ते आपल्या फायद्याचे ठरेल का आणि अशा फोनसाठी थांबावे का, असे तुम्ही विचारले आहे. मी सोलापुरात नवी पेठेत मोबाईल दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे बटणे कशी बिघडतात हे रोज पाहतो. माझे मत आधीच सांगतो: आवाज कमी-जास्त करण्याचे बटण असे झाल्यास माझी हरकत नाही, पॉवरचे बटण मात्र, ते फोनच्या उरलेल्या यंत्रणेवर अजिबात विसंबून नाही याची खात्री होईपर्यंत, हलणारेच असावे.

आजच्या बटणाची रचना साधी असते. वरच्या टोपीखाली धातूची एक लहान घुमटाकार चकती असते. ती दबली की खालचे दोन संपर्क जोडले जातात आणि तिच्याच लवण्यामुळे बोटाला ‘टक्’ जाणवते. हे सगळे एका पातळ फ्लेक्सवर, म्हणजे लवचीक सर्किट-पट्टीवर, बसवलेले असते. यंत्रमाग कारखान्यांत काम करणाऱ्यांचे फोन आमच्याकडे येतात तेव्हा बटणाच्या फटीत सुताचे तूस आणि तेल यांचा गोळा झालेला असतो, तर काही फोनमध्ये चकतीच थकलेली किंवा फ्लेक्स तुटलेला असतो. फट नसलेल्या बटणात तूस अडकणार नाही आणि चकतीही थकणार नाही, आणि हा फायदा मी मनापासून मान्य करतो. पाणी आत जाणार नाही, हा दावा मात्र मला तितका वजनदार वाटत नाही. चार्जिंगची खाच, स्पीकर आणि माईकची छिद्रे असतातच, आणि हलणारी बटणे असलेल्या कितीतरी फोनना आज आयपी६८ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा मिळालेला आहे.

न हलणाऱ्या बटणात दोन कामे वेगळी होतात. दाब ओळखण्यासाठी किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचेच तत्त्व वापरता येते: धातू किंचित वाकला की त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो. मग फोनमधली मोटर एक छोटा, नेमका धक्का देते आणि बोटाला वाटते की बटण आत गेले. हा भास किती पक्का असू शकतो हे ॲपलने 2015 साली मॅकबुक लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडमध्ये आणि 2016 साली आयफोन 7 च्या होम बटणात दाखवून दिले. परंतु संगणक बंद केल्यावर तोच ट्रॅकपॅड दाबून पाहा, हाताखाली नुसती निर्जीव काच लागते.

माझी मुख्य हरकत इथेच आहे. साध्या फोनमध्ये पॉवरच्या बटणाची तार थेट वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपपर्यंत जाते, म्हणून पडदा गोठला आणि मुख्य प्रोसेसर अडकून पडला तरी बटण काही सेकंद दाबून धरल्यावर फोन पुन्हा सुरू होतो. हे बटण सॉफ्टवेअरच्या हाती गेले, तर ज्याच्या बिघाडावर ते उपाय आहे त्याच्यावरच ते अवलंबून राहील. आयफोन 7 मध्ये होम बटण न हलणारे झाल्याबरोबर, फोन जबरदस्तीने पुन्हा सुरू करण्यासाठी होमऐवजी पॉवरसोबत आवाज कमी करण्याचे बटण दाबावे लागू लागले, ते याच कारणाने. यावर उपाय आहे: फोन बंद असतानाही अगदी थोड्या विजेवर जागी राहणारी स्वतंत्र चिप. तरीही बॅटरी पूर्ण उतरली असेल तर दाब पोहोचला की नाही हे बोटाला कळणार नाही, आणि फोन मेला की बटण मेले, हा प्रश्न घेऊन ग्राहक आमच्यासमोर उभा राहील.

आपल्या देशात या बटणावर आणखी एक जबाबदारी आहे. 2016 च्या पॅनिक बटणाच्या नियमांनुसार स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबून मदतीचा कॉल लावण्याची सोय मान्य करण्यात आली. पर्समध्ये किंवा खिशात हात घालून, न पाहता आणि घाबरलेल्या अवस्थेत ते दाबले जाणार, तेव्हा तीनपैकी एकही दाब वाया जाऊन चालणार नाही.

उन्हाचाही विचार करा. दाब मोजणाऱ्या पट्टीचा विद्युतरोध तापमानानेही बदलतो, म्हणून सॉफ्टवेअरला ‘न दाबलेली’ स्थिती सतत नव्याने ठरवावी लागते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि दुचाकीच्या हँडलवर लावलेला फोन त्याहून बराच जास्त तापतो. त्यात घट्ट कव्हर कडेला दाब देत राहते. या अडचणी काल्पनिक नाहीत: 2018 च्या एचटीसी यू12 प्लसमध्ये दाबसंवेदी बटणे होती आणि त्यांच्या बेभरवशाच्या प्रतिसादावर परीक्षणांत बरीच टीका झाली. आयफोन 15 प्रोमध्ये अशी बटणे येतील असे विश्लेषक मिंग-ची कुओ यांनी 2022 मध्ये सांगितले होते. एप्रिल 2023 मध्ये त्यांनीच तांत्रिक अडचणींमुळे तो बेत रद्द झाल्याचे कळवले, आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या फोनला हलणारीच बटणे होती.

कडा पूर्ण सपाट करण्याचा मोह तर निर्मात्यांनी टाळलाच पाहिजे. दृष्टिहीन माणूस बटण उंचवट्यावरून शोधतो, आणि अँड्रॉइडमधली टॉकबॅक ही पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय आवाजाची दोन्ही बटणे एकत्र दाबून धरून सुरू करता येते. बटण हलले नाही तरी चालेल, पण ते बोटाला सापडलेच पाहिजे.

दुरुस्तीचे म्हणाल, तर साध्या फोनचा फ्लेक्स स्वस्त असतो आणि कोणताही अनुभवी कारागीर तो बदलतो. आयफोन 7 चे होम बटण बिघडल्यावर दुसऱ्या आयफोनचे अस्सल बटण आणून लावले तरी बोटाचा ठसा चालत नसे आणि मुख्य पडद्यावर परत जाण्याचे साधे कामही होत नसे, कारण ते बटण मूळ बोर्डाशी जुळवलेले असे.

म्हणून अशा फोनसाठी थांबू नका. पुढे तो दुकानात दिसलाच, तर तुमचे नेहमीचे कव्हर सोबत न्या, ते चढवून ओल्या बोटाने बटण दाबून पाहा, फोन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा, आणि बटण बिघडल्यास ते सोलापुरातच बदलून मिळेल की फोन पुण्याला पाठवावा लागेल, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या.