लकव्यानंतर बाबांना गिळता येत नाही, नाकात नळी आहे. डोक्याला मशीन लावून फरक पडतो का? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

पडू शकतो, पण नुसत्या मशीनच्या भरवशावर राहू नका. गिळण्याचं नियंत्रण मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतं, एकीकडे जरा जास्त. ती बाजू लकव्यात गेली की दुसरी हळूहळू काम अंगावर घेते. चुंबकाचे झटके (आरटीएमएस) किंवा १-२ मिलिअँपिअरचा सौम्य वीजप्रवाह (टीडीसीएस) कवटी न उघडता याच बदलाला हातभार लावतात. अभ्यासांत सुधारणा दिसली आहे, पण बरेच अभ्यास छोटे आहेत आणि कोणत्या बाजूला, किती दिवस द्यायचं यावर एकमत नाही. त्यामुळे गिळण्याच्या व्यायामाला जोड म्हणूनच याकडे बघा. डोक्यात धातूची क्लिप असेल किंवा कधी फिट आली असेल तर आधीच सांगा.

बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या काही आठवड्यांत आपसूक सुधारतं. मशीनसाठी वावर गहाण टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आत्ता खरा धोका वेगळाच आहे. भेटायला आलेली माणसं मायेनं म्हणतील, 'दोन घोट पाणी तरी पाजा.' पाजू नका! ठसका न लागताही पाणी फुप्फुसात जातं आणि निमोनिया होतो. नळीतून देतानाही बाबांना टेकवून बसवा, नंतर अर्धा तास तसंच राहू द्या. रोज दात-तोंड स्वच्छ करा. सेवाग्रामला किंवा नागपूरला दाखवायला न्याल तेव्हा स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी मागून घ्या. नळी कधी काढायची ते त्यावरून ठरेल.