मुंबईत राहून आपल्याकडचे, कमी माहीत असलेले प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक बँड कुठून ऐकायला सुरुवात करू?

सरळ आपल्या मुंबईच्याच 'कोशिश'पासून सुरू कर, 2013 चा त्यांचा 'फिरदौस' अल्बम हिंदीत आहे आणि गंमत म्हणजे गाण्यांचा क्रम त्यांनी मुद्दाम विस्कटून ठेवलाय, बरोबर क्रम आपण शोधायचा मग गोष्ट लागते, त्यामुळे शफलवर लावून वाट लावू नकोस. मी ट्रेनमध्ये हेच ऐकत असतो म्हणून सांगतोय. तो पचला की:

- मदरजेन, कोचीचे. 'मकतूब', 2008. गाणी इंग्लिश, पण बैजू धर्मजनची गिटार ऐक, सूर घसरवत नेतो तो अगदी कर्नाटकी गमकासारखा (गमक म्हणजे सुराला दिलेला हेलकावा)
- अगम, बंगळुरूचे, थेट कर्नाटकी कृतीच (म्हणजे शास्त्रीय रचना) रॉकमध्ये

पुढचे शोधायला बँडकॅम्प या म्युझिकच्या वेबसाइटवर शहराच्या नावाचा टॅग आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा टॅग, दोन्ही चाळ. यूट्यूबचं अल्गोरिदम फिरून फिरून तेच चार बँड दाखवतं, त्याच्या नादी लागू नकोस. फक्त एक, तुला जेनेसिस किंवा येस या जुन्या ब्रिटिश प्रोग बँडसारखं कीबोर्डवालं वीस-वीस मिनिटांचं प्रकरण हवं असेल तर यातलं काहीच तसं नाहीये, अगमला तर बरेच जण प्रोग न म्हणता फ्यूजनच म्हणतात.