दिवाळीच्या सुट्टीत दहा दिवसांची व्हिएतनाम सहल कशी आखावी?

तुमची यादी अशी: हनोई, सापा, हा लाँग, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि शेवटी फू क्वोक बेट. हाताशी दहा दिवस, तेही दिवाळीच्या सुट्टीतले. बरोबर सत्तरीला टेकलेले शाकाहारी आई-बाबा आणि शाळकरी मुलगी. माझं मत विचाराल तर दा नांग-होई आन या खेपेला गाळा. इन्स्टाग्रामवर सगळ्यात जास्त तेच दिसतं, तुमची मुलगी रुसेल, तरीही.

कारण पाऊस. हा देश उत्तर-दक्षिण सुमारे साडेसोळाशे किलोमीटर लांब, आणि मध्ये एके ठिकाणी जेमतेम 50 किलोमीटर रुंद. त्यामुळे ‘व्हिएतनामला कुठल्या महिन्यात जावं’ याला एक उत्तरच नाही. आपल्याकडचा पाऊस परततो तेव्हा मध्य व्हिएतनामचा ऐन भरात येतो. चेन्नईला ऑक्टोबर-नोव्हेंबरात झोडपणाऱ्या ईशान्य मोसमी पावसाचाच हा प्रकार. समुद्रावरून बाष्प घेऊन आलेले वारे ट्रुओंग सोन डोंगरांना अडतात आणि किनाऱ्यावर रिते होतात. वादळंही याच दिवसांतली. 2025 ची दिवाळी झाली आणि आठवड्याभरात मध्य भागातलं हुए शहर आणि होई आन, दोन्ही पाण्याखाली गेली. पूर नाही आला तरी दगडी दिसणाऱ्या दोन हातांवर तोललेला तो दा नांगजवळच्या बा ना हिल्सचा पूल बहुतेक धुक्यातच असतो. पॅकेज विकणारे यातलं काही सांगत नाहीत, कारण जाहिरातीतले फोटो मार्च-एप्रिलचे असतात.

उत्तरेला मात्र याच दिवसांत वर्षातली सर्वांत छान हवा असते: कोरडी, निरभ्र, दुपारीही घाम नाही. दक्षिणेत पाऊस सरत आलेला, संध्याकाळी एखादी सर.

म्हणून मुंबईहून हनोईला उतरा आणि परतीचं विमान हो ची मिन्ह सिटीहून घ्या. परतीच्या विमानासाठी हनोईला यायचं नाही, एवढ्यानं अख्खा दिवस वाचतो. हनोईत तीन रात्री, सापाऐवजी निन्ह बिन्हला दोन, एक रात्र हा लाँगच्या बोटीवर आणि उरलेल्या दक्षिणेत. बोटीवरून उतरलात त्याच दिवशी दक्षिणेचं विमान ठेवू नका. वादळी हवा असली की बोटी बंद ठेवतात, आणि तेव्हा एजंटशी हुज्जत घालू नये. 2025 च्या जुलैत हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तीसहून अधिक माणसं गेली. बोट निवडताना शेजारच्या लान हा उपसागरातल्या बोटी बघा. तेच चुनखडीचे सुळके, गर्दी कमी.

सापाला जायला हनोईहून पाच-सहा तास, यायला तितकेच, आणि दिवाळीपर्यंत तिथली भाताची कापणी उरकलेली असते. ज्या हिरव्या-पिवळ्या पायऱ्यांसाठी जायचं, तिथं नुसती ढेकळं. आई-बाबांना तिकडे नेण्यापेक्षा निन्ह बिन्ह कितीतरी बरं. हनोईहून शंभरेक किलोमीटर, सपाट रस्ता. तिथल्या ट्रांग आनला छोट्या होडीत बसायचं, वल्ही मारणाऱ्या बहुतेक बायका, आणि होडी एकामागून एक गुहांतून जाते. काही ठिकाणी छत इतकं खाली की डोकं गुडघ्यात घालावं लागतं. माझ्या सासूबाई आधी घाबरल्या होत्या, नंतर उतरायलाच तयार नव्हत्या. जवळच्या हांग मुआ टेकडीच्या पाचशे पायऱ्या मुलीला चढू द्या, तुम्ही खाली शहाळं प्या. निन्ह बिन्हहून हा लाँगला थेट गाडी मिळते, हनोईला वळसा नको.

हनोईत हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, इतर दिवशी फक्त सकाळी उघडी. ‘शिवाजी महाराजांच्या मावळ्याची समाधी’ असं तिथं कोरलंय हा फॉरवर्ड बाबांकडेही आला असेलच. समाधीवर नाव आहे ते फक्त ‘अध्यक्ष हो ची मिन्ह’ एवढंच. आधीच सांगून ठेवा, नाहीतर रांगेत वाद होईल.

दक्षिणेत कू चीचे युद्धकाळातले भुयारी मार्ग आहेत, पण गुडघे दुखत असतील तर आत शिरण्याचा हट्ट नको. ते बघायच्या दोन जागा आहेत: बेन दिन्हला गर्दी फार, बेन डुओक लांब पण शांत. मेकाँग नदीचा प्रदेश बघायचा तर कान थो शहरात मुक्काम करून पहाटेचा काय रांगचा तरंगता बाजार गाठा. समुद्रच हवा असेल तर मेकाँग सोडून फू क्वोक घ्या. दोन्ही कोंबू नका.

मध्य व्हिएतनाम पुढे मे महिन्याच्या सुट्टीत करा. ऊन असतं, पण पाऊस नाही. तेव्हा होई आनच्या कंदिलांइतकाच वेळ जवळच्या ‘मी सन’ या मंदिरसमूहाला द्या. मध्य व्हिएतनामच्या जुन्या चाम राजांची ही शिवमंदिरं चौथ्या शतकापासून बांधली गेली आणि 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत त्यांची वाताहत झाली. त्यातल्या काहींची डागडुजी आपल्या पुरातत्त्व खात्यानं केली आहे. 2020 मध्ये त्या कामात एकसंध दगडातलं शिवलिंग सापडलं. सकाळी लवकर जा, दहानंतर विटा तापतात.

जेवणाचं अवघड नाही, पण गाफील राहू नका. माशांचं आंबवलेलं पाणी, नुओक माम, भाजीतही घालतात. ‘कॉम चाय’ अशी पाटी असलेली बौद्ध शाकाहारी खानावळ शोधा, पोटभर आणि स्वस्त. पौर्णिमा-अमावास्येला अनेक जण शाकाहार करतात, त्या दिवशी पर्याय वाढतात. बोटवाल्यांना मात्र बुकिंग करतानाच लिहून कळवा. दशम्या आणि मेतकूट बॅगेत असू द्या, निदान बाबांसाठी.

ई-व्हिसा एकदाच प्रवेशाचा 25 डॉलरला मिळतो. हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट जास्त पैसे उकळतात, तेव्हा पत्ता ‘गव्ह डॉट व्हीएन’नं संपतोय ना ते बघा. आणि 20 हजार आणि पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळ्या असतात. टॅक्सीत अंधारात पैसे देताना शून्यं मोजा, किंवा ग्रॅब ॲप वापरा, भाडं आधीच कळतं.