कमाल तापमान बघून शहर ठरवू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक शहर समुद्राला लागून, दुसरं बरंच आत. पगार, घर, येण्याजाण्याचा वेळ, सगळं तू नीट मांडलंयस. हवेबद्दल मात्र एकच ओळ आहे: ‘उन्हाळ्यात किनाऱ्यावर ३२ अंश, आत ४०, म्हणजे किनारा बरा.’ हे लांबलचक पत्र त्या एका ओळीसाठी.

माझी सगळी नोकरी इमारतींच्या वातानुकूलनाची आकडेमोड करण्यात गेली. त्याआधी, पंचविशीत, मी अगदी हीच चूक केली होती. कोरड्या मुलखात वाढलो आणि कमाल तापमानाचा तक्ता बघून खुशीत किनाऱ्यावर राहायला गेलो. महिन्याभरात कपाटात टांगलेल्या चामडी पट्ट्यावर पांढुरकी बुरशी आली. बोटाने पुसायची, चार दिवसांनी पुन्हा तिथेच. दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही हाताला गार आणि जड लागायचे. रात्री दोनला जाग यायची, मानेखालची उशी ओली, ती उलटायची आणि पुन्हा पडायचं. तापमापक तेव्हा २८ दाखवत असायचा. २८ अंशांत माणूस असा गदमदतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझेच दोन आकडे घेऊ. त्यांच्या शेजारी आर्द्रता लिहू या: किनाऱ्यावर ३२ अंश आणि ७० टक्के, आत ४० अंश आणि २० टक्के. अशी जोडी उन्हाळ्यात सहज सापडते. रॉबर्ट स्टेडमन यांनी १९७९ मध्ये तापमान आणि आर्द्रता मिळून शरीराला किती उकडतं याचं कोष्टक मांडलं. आजचा ‘हीट इंडेक्स’ त्यातूनच आला. त्या हिशेबाने किनाऱ्याचे ३२ शरीराला ४० सारखे वाटतात आणि आतले ४० वाटतात ३९ सारखे. म्हणजे ज्या आठ अंशांवर तू निर्णय घ्यायला निघालास ते उरतच नाहीत. (हा हिशेब सावलीतला आणि हलक्या वाऱ्यातला आहे. उन्हात उभं राहिलं की आणखी सात-आठ अंश चढू शकतात.)

असं का होतं, तर आपल्याला गार करतो तो वाळणारा घाम. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साडेसहा तासांत साधारण तेवढीच उष्णता तयार करतं. पण तोच घाम हनुवटीवरून टपकला तर त्याचा उपयोग शून्य. किनाऱ्यावरच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. वर दिलेल्या किनाऱ्याच्या हवेत तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत साडेआठशे मिलिलीटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात तरंगत असतं. आतल्या ४० अंशांच्या खोलीत ते पावणेचारशेच्याही खाली असतं.

आता आर्द्रतेच्या टक्क्यांबद्दल. पुढची चूक इथे होते, आणि शिकलीसवरलेली माणसं ती करतात. टक्के म्हणजे सापेक्ष आर्द्रता: त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते त्यातली किती भरली आहे. तापमान उतरलं की हवेची धारणशक्ती घटते आणि टक्के आपोआप चढतात. आतल्या शहरात दुपारी ४० अंशांना २० टक्के असलेली हवा पहाटे २५ अंशांवर उतरली की तिची आर्द्रता ४६-४७ टक्के दिसते. पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो. त्यामुळे एका शहराची सकाळची आर्द्रता आणि दुसऱ्याची दुपारची शेजारी ठेवून तुलना केली, तर ती कागदावरच राहते. ‘सरासरी आर्द्रता’ हा आकडा तर मी वाचतही नाही.

तू दवबिंदू बघ. हवा किती थंड केली की दव धरू लागेल ते तापमान म्हणजे दवबिंदू. सकाळ-दुपारच्या नुसत्या तापमानाने तो हलत नाही, हवेतलं पाणी बदललं तरच बदलतो. आपल्या उदाहरणात किनाऱ्याचा दवबिंदू २६ येतो आणि आतला १३. खरा फरक हा आहे. माझी स्वतःची मोजपट्टी अशी: १५ पर्यंत हवा जाणवतही नाही, १८-२० ला अंग किंचित चिकट होतं, २२ च्या पुढे चिडचिड सुरू होते आणि २४ ओलांडला की दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात. तुझी पट्टी एखाद-दोन अंशांनी वेगळी असेल. ती ठरवायला आत्ता राहतोस त्या जागेचा दवबिंदू आठवडाभर रोज बघ आणि त्या दिवशी कसं वाटलं ते शेजारी लिही.

एखाद्या तक्त्यात दवबिंदू दिलेला नसेल तर सोपी युक्ती आहे. शंभरातून आर्द्रता वजा कर, उरेल त्याला पाचने भाग आणि येईल तो आकडा तापमानातून वजा कर. ३२ आणि ७० चं उत्तर २६, बरोबर. ही युक्ती ५० टक्क्यांच्या वरच चालते. ४० आणि २० ला लावलीस तर दवबिंदू २४ येईल, म्हणजे अकरा अंशांचा घोळ.

दवबिंदू कळला की रात्रही कळते, आणि मला विचारशील तर शहर रात्रीवरून ठरवावं. तापमान दवबिंदूपाशी पोचलं की वाफेचं पाणी होऊ लागतं, त्यात दडलेली अप्रकट उष्णता हवेतच सुटते आणि तापमानाची घसरण तिथे अडते. शिवाय वाफेने भरलेली हवा जमिनीची उष्णता आकाशाकडे सहजी जाऊ देत नाही. म्हणून दवबिंदू २६ असेल तिथे पहाटेचं तापमान २७ च्या आसपास अडकून बसतं, आर्द्रता ९० च्या वर. आत मात्र कोरडी हवा आणि निरभ्र आकाश, त्यामुळे पहाटेपर्यंत पंधरा अंशांची उतार सहज पडते. दुपारी अंगाची लाही लाही झाली तरी पहाटे पांघरूण ओढायला हात जातो. दिवसाची दुपार बहुतेकदा कचेरीत जाते. रात्र तुझी स्वतःची असते. म्हणून कमाल तापमानाचा रकाना झाकून ठेव आणि किमान तापमानाचा आधी वाच.

समुद्राचा एक गुण मात्र मान्य करायला हवा: तो सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे तेवढ्याच वजनाला एक अंश तापायला लागणारी उष्णता, कोरड्या वाळूच्या साधारण पाचपट आहे, आणि लाटा ती उष्णता खालपर्यंत ढवळून नेतात. म्हणून किनाऱ्यावर टोकाची थंडी नाही, टोकाची झळही नाही. पण उन्हाळा उशिरा ओसरतो. आतल्या शहरात रात्री सुखद झाल्या तरी किनाऱ्यावर उकाडा आणखी काही आठवडे रेंगाळतो. एकाच महिन्याचे आकडे पाहून थांबलास तर हे दिसणार नाही. बारा महिन्यांचे बघ, आणि शक्यतो तीस वर्षांच्या सरासरीचे. सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड धरतात.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलास ना? त्यांचा उपयोग आता आहे. दुपारच्या सुमाराला समुद्राकडून सुटणारा खारा वारा किनाऱ्यालगतच्या वस्तीला खरंच तगवतो. तो जसजसा आत शिरतो तसतसा जमिनीवर तापत जातो. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर, उंच इमारतींच्या आडोशाला घर घेतलं, तर दमटपणा पूर्ण वाट्याला येतो आणि वारा अर्धाही नाही. माझ्या मते हा सर्वांत वाईट सौदा, आणि किनारी शहरात जाणारे निम्मे लोक नकळत तोच करतात. हवामान केंद्राचा आकडा मोकळ्या जागेतला असतो, बऱ्याचदा विमानतळावरचा. तुझ्या गल्लीतला आकडा तो नव्हे.

आणि ‘किनारा म्हणजे दमट, आत म्हणजे कोरडं’ हेही डोळे झाकून धरू नकोस. किनाऱ्याच्या हवेचा दवबिंदू बहुधा समोरच्या समुद्राच्या पृष्ठतापमानाच्या वर जात नाही, म्हणून समुद्र किती गरम आहे ते आधी बघायचं. पेरूच्या किनाऱ्याशी थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे लिमा विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही तिथली हवा सौम्य आणि धुकट असते. सॅन फ्रान्सिस्कोचं जुलैतलं सरासरी कमाल तापमान विसाच्या आसपास राहतं, आणि तिथून दीडशे किलोमीटरही लांब नसलेल्या, पण समुद्रापासून आतल्या सॅक्रामेंटोचं तेहेतीसच्या वर. उलट इराणच्या आखाताचं पाणी उन्हाळ्यात इतकं तापतं की ८ जुलै २००३ ला सौदी अरेबियातल्या धहरान इथे ३५ अंश दवबिंदूची नोंद झाली. दुसरीकडे, ॲमेझॉनच्या जंगलातलं मनाउस समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत असूनही कायम घामाघूम. जंगलं, मोठ्या नद्या, ओलिताची शेती हवेत पाणी सोडतातच.

मी कोरड्या उन्हाळ्याची वकिली करतोय असं वाटेल. थोडी करतोयच, बुरशी आलेला माझा तो चामडी पट्टा अजून विसरलो नाही. पण कोरडी झळ लबाड असते. घाम दिसायच्या आतच वाळतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही आणि डोकं दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. ४० अंशांत पंखा गरम हवाच अंगावर लोटतो. अंग किंवा कपडा ओला असेल तरच त्याने बरं वाटतं. बाहेर फिरायचं काम असेल तर दोन्हीकडची दुपार टाळावीच लागेल. ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा, ज्याला ‘वेट बल्ब’ म्हणतात, तो ३५ झाला की घाम निरुपयोगी ठरतो असं २०१० मधल्या एका गाजलेल्या निबंधात मांडलं होतं. पुढे तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या प्रयोगांत ही मर्यादा दमट हवेत ३०-३१ लाच आली. आपल्या उदाहरणात किनाऱ्याचा हा आकडा २७ च्या थोडा वर आहे, आतला २२.

या २२ मुळेच आत पाण्यावरचा कूलर झकास चालतो: ४० ची हवा २५-२६ पर्यंत उतरवतो. किनाऱ्यावर तोच कूलर लावलास तर ३२ चे २८ होतील आणि खोलीचं न्हाणीघर होईल. तिथे एसीच हवा, आणि गरजेपेक्षा मोठा घेऊ नकोस. मोठं यंत्र खोली चटकन गार करून बंद पडतं, ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग गारठ्यातही चादर दमट लागते. घर बघायला जाशील तेव्हा कपाटांची मागची बाजू आणि बाहेरच्या भिंतीचे कोपरे हाताने चाचपून बघ. खिडक्यांचे लोखंडी गज आणि बिजागऱ्याही बघ. हवेतलं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी ओढून ओलं होतं, आणि गंजाला तेवढंच हवं असतं.

शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातलं पाणी वाढतं. त्या दिवसांत धावाधाव नको. आणि ‘मी ४० अंशांत वाढलोय’ या जोरावर किनाऱ्याला कमी लेखू नकोस. कोरड्या झळीची सवय दमट हवेत पुरती उपयोगी पडत नाही, हे मी भोगलंय.

शक्य असेल तर सही करण्याआधी दोन्हीकडे, तिथल्या सर्वांत वाईट आठवड्यात, दोन-दोन रात्री राहून ये. एसी बंद ठेवून झोप.

सोबत एक छोटा आर्द्रतामापक पाठवतोय. जुना आहे, आधी तपासून घे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घे, त्यात काही थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर आणि मापकाबरोबर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी त्याने ७५ दाखवायला हवेत. माझ्याकडे तो ७२ दाखवायचा. तुझ्याकडेही तसंच आलं तर प्रत्येक आकड्यात तीन मिळव आणि झोपताना व पहाटे, दोन्ही वेळचं तापमान शेजारी लिहून मला पाठव.

तुझा,
काका