झाड दिवसभर श्वास रोखून बसत नाही

तुमच्या मुलीच्या वहीत ‘दिवसा प्रकाशसंश्लेषण, रात्री श्वसन’ असे दोन रकाने आहेत आणि ती विचारतेय, मग झाड दिवसभर श्वास रोखून बसतं का? पोरीची शंका रास्त आहे, रकानेच चुकलेत. श्वसन चोवीस तास चालतं.

खरी गोम अशी की उन्हातून मिळालेल्या ऊर्जेने हरितलवकात (पानाच्या पेशीतल्या हिरव्या कणांत) एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं सुटं चलन, तयार होतं खरं, पण ते बहुतेक तिथल्या तिथेच खर्ची पडतं. तीन कार्बनची एक साखर बनवायला ९ एटीपी आणि ६ एनएडीपीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) लागतात. पानातून बाकीच्या झाडाकडे जाते ती साखर, तीही मुख्यतः उसात असते तीच, सुक्रोज. मुळांना आयुष्यात ऊन दिसत नाही. ती ही साखर घेतात आणि आपल्यासारखीच तंतुकणिकांत (पेशीतल्या ऊर्जा मोकळी करणाऱ्या कणांत) ‘जाळतात’. कुंडीत पाणी तुंबलं की झाड माना टाकतं ना, त्याचं कारण हेच: मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. मोड आणायला बांधलेल्या मटकीच्या पुरचुंडीत हात घालून बघा, आत ऊब लागते. तिथे हिरवं काही नाही, नुसतं श्वसन.

दिवसा मात्र साखर बनण्याचा वेग श्वसनापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून बाहेर पडताना दिसतो तो ऑक्सिजनच. श्वसनातून सुटलेला बराचसा कार्बन डायऑक्साइड पान आतल्या आत परत वापरतं. पहाटे आणि तिन्हीसांजेला एक क्षण असा येतो की दोन्ही वेग सारखे होतात आणि हिशेब शून्यावर येतो. रात्रीसाठी पान दिवसाच हरितलवकात स्टार्च साठवून ठेवतं आणि अंधारात तो फोडून पुरवून पुरवून वापरतं.

‘श्वसन म्हणजे उलटं प्रकाशसंश्लेषण’ हेही तिला पाठ करू देऊ नका. समीकरण कागदावर उलटं दिसतं, पण जागा वेगळ्या, विकरंही (एन्झाइमंही) बहुतांशी वेगळी. साम्य आहे ते भलतीकडेच. दोन्हीकडे इलेक्ट्रॉन पटलातून, म्हणजे आतल्या पातळ पडद्यातून, पुढे सरकतात, पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन तुंबतात आणि परत येताना एक चक्की फिरवून एटीपी बनवतात, धरणाच्या पाण्यावर जनित्र फिरावं तसं. फक्त हरितलवकात इलेक्ट्रॉन पाण्यातून निघतात, तंतुकणिकेत ते अन्नातून येऊन शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन पाण्याचाच, कार्बन डायऑक्साइडचा नव्हे. रुबेन आणि केमन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन (ऑक्सिजनचाच वजनदार प्रकार) खूण म्हणून वापरून ते दाखवलं.

दिवस-रात्रीचे रकाने पाडायचेच असतील तर पानफुटीचे पाडा. ती रात्री पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) उघडून कार्बन डायऑक्साइड घेते, मॅलिक आम्ल करून रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत) साठवते. दिवसा पाणी वाचवायला रंध्रं मिटते आणि त्या साठ्यातून साखर बनवते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात असलेल्या बेंजामिन हाइनला हे जिभेने कळलं होतं: पान सकाळी आंबट, दुपारपर्यंत बेचव. त्याचं ते पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने छापलं. कुणाकडे कुंडी असेल तर पहाटे आणि दुपारी पानाचं एवढंसं टोक चघळून बघा. गिळू मात्र नका, थुंकून टाका.