तीनच रंग कसे पुरतात?

प्रश्न : फिलिपिन्सच्या तिनालाक कापडाचे फोटो पाहिले. काळा, लाल आणि पांढरट, एवढेच रंग. तरी कापड ओकंबोकं वाटत नाही. आम्हाला वर्गात रंगचक्राचे बारा रंग घोकायला लावतात. मग तिघांत कसं भागतं?
– डिझाइनची विद्यार्थिनी

उत्तर : घोकून झालं असेल तर तोच फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून बघा. लाल भाग काळ्याच्या जवळ सरकेल, पांढरी नक्षी मात्र जागची हलणार नाही. या कापडाचा सांगाडा गडद आणि उजळ यांच्या विरोधावर उभा आहे. लाल रंग त्यात ऊब भरतो, पण भार पेलतो तो पांढरा. मुलं आधी रंग निवडतात आणि उजळ-गडदाचा विचार शेवटी करतात, तिथेच चित्र फसतं असं माझं ठाम मत आहे.

आता हे तीनच का, तर ते झाडांनी ठरवलेत. तिनालाक विणतात मिंडानाओ बेटावरच्या लेक सेबू भागातल्या तिबोली बायका. धागा अबाकाचा, म्हणजे केळीच्याच कुळातल्या झाडाच्या खोडातून काढलेला. काळा येतो क्नालुमच्या पानांतून, लाल लोकोच्या मुळांतून आणि पांढरट म्हणजे न रंगवलेला धागा. विणण्याआधीच ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांना गाठी मारतात, गाठीखाली रंग शिरत नाही. आधी काळा रंग देतात, मग लाल ठेवायच्या जागच्या गाठी सोडवून पुन्हा लाल रंगात रंगवतात. काळ्यावर लाल चढला तरी कुठे दिसतो! नक्षी कागदावर काढलेली नसते, गाठ मारणारीच्या डोक्यात असते. लांग दुलाय या तिबोली विणकर बाईंना अशा शंभरेक नक्ष्या येत. बुलिंगलांगित म्हणजे ढग, काबांगी म्हणजे फुलपाखरू. १९९८ साली त्यांना ‘गावाद सा मान्लिलिखा नांग बायान’ हा सरकारी सन्मान मिळाला.

माझ्याकडे हातभर तिनालाक आहे. लांबून नक्षीची कड कापल्यासारखी दिसते, पण नाकाजवळ धरलं की प्रत्येक धाग्यावर रंग किंचित पुढे-मागे सरकलेला असतो, कडेला बारीक दात पडल्यासारखे. छापील नकलेत हे दात नसतात. शिवाय खऱ्या कापडाला कवडी घासून आणलेली चकाकी असते, त्यामुळे काळाही उजेडात मरगळलेला दिसत नाही.

प्रश्न : फिलिपिन्सच्याच इलोकोस भागातल्या बिनाकोल चादरीत मधोमध भोवरा फिरताना दिसतो. सुतं वाकडी विणतात का?
– एक वाचक

उत्तर : छे, सगळी सुतं सरळ! ताणा उभा, बाणा आडवा, त्यांच्या छेदातून पडलेले चौकोन आणि एकाआड एक गडद-फिका रंग. गंमत मापात आहे. चौकोन सगळीकडे सारखे ठेवले असते तर बुद्धिबळाचा पट झाला असता. इथे ते एका जागेकडे अरुंद होत जातात आणि पलीकडे पुन्हा रुंदावतात. अरुंद होणारी वस्तू लांब चाललीय असं समजायची आपल्या डोळ्याला सवय, म्हणून सपाट कापडाला फुगवटा आल्याचा भास होतो. या भोवऱ्याने दुष्ट आत्म्यांचे डोळे चक्रावतात, असा तिथे जुना समज आहे.

करून बघायचं असेल तर आलेख कागद घ्या. उभ्या रेघा १०, ८, ६, ४, २ मिलिमीटरवर मारत जा, मग उलट क्रमाने परत या. आडव्याही तशाच. एकाआड एक घर काळं करा. तिसरा रंग घालायचा मोह आवरा, मजा जाते. असं कापड विणणाऱ्या, इलोकोस नॉर्ते प्रांतातल्या पिनिली गावच्या मॅग्डालेना गामायो सोळाव्या वर्षी मावशीकडून विणकाम शिकल्या आणि २०१२ साली वर सांगितलेल्याच सन्मानाच्या मानकरी ठरल्या.

प्रश्न : बाजारचा रासायनिक रंग वापरला की कला पारंपरिक राहत नाही ना?
– एक वाचक

उत्तर : हा सोवळेपणा मला पटत नाही. फिलिपिन्सच्याच तावी-तावी बेटांवरच्या हाजा अमिना अप्पी या पंडानच्या, म्हणजे केवड्याच्या जातीच्या पानांच्या चटया विणत. पानं चिरायची, उन्हात वाळवायची, मग उकळत्या रंगात घालायची. रंग बाजारचे, पण तसेच्या तसे त्यांना चालत नसत. एकात एक मिसळून त्या स्वतःच्या छटा करत. लाल, जांभळा, पिवळा हे आवडते. कधी एका चटईत आठ रंगसुद्धा. आठ रंग घेऊनही चटई भडक होऊ न देणं हे तीन रंगांत भागवण्यापेक्षा अवघड आहे. त्या ते भौमितिक आकारांच्या काटेकोर प्रमाणाने आणि तोलाने साधत. रंग कुठून आणला, यापेक्षा तो कुणाशेजारी बसवला हे बघा.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी फिलिपिन्समधली सोपी हस्तकला सुचवा.
– एक कलाशिक्षक

उत्तर : लागुना प्रांतातल्या पाएते गावची ‘ताका’. कोरीव लाकडी साच्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थर चढवायचे, वाळले की कापून साचा काढायचा, चीर कागदानेच बुजवायची आणि रंगवायचं. तिथला लाल घोडा प्रसिद्ध आहे. साच्याला आधी मेण चोळायला विसरू नका, नाहीतर कागद सुटणार नाही.